क्लच: हातात, पायात, तेलात

क्लच म्हणजे इंजिन आणि चाक यांच्यातला सांधा. हवा तेव्हा जोडायचा, हवा तेव्हा सोडायचा. सत्तर-ऐंशीच्या दशकात पुण्या-नाशकात वाढलेल्या पिढीला तो आधी भेटला डाव्या हातात. आकुर्डीच्या बजाज चेतकचे गिअर आणि क्लच दोन्ही त्या एकाच मुठीत. आत तेलात बुडालेल्या, कॉर्कचे अस्तर लावलेल्या प्लेट; बाहेर साधी केबल. ती सैल पडली की पहिला गिअर टाकताच स्कूटर दचकून पुढे झेपावते. फार ताणली की क्लच घसरतो, इंजिन ओरडते आणि चढावर गाडी खेचत नाही. इलाज अंगणातच व्हायचा: लॉकनट ढिला करायचा, अ‍ॅडजस्टर फिरवायचा, लिव्हरच्या मुळाशी दोनेक मिलिमीटर प्ले उरला की नट आवळायचा. केबल तुटते बहुधा निपलपाशी, म्हणून डिकीत जादा केबल ठेवणारेच शहाणे.

१९८३मध्ये मारुती ८०० आली आणि क्लच पायाखाली गेला. केबल राहिलीच, प्ले तेवढा तळव्याला कळू लागला.

याच पिढीतला जो अमेरिकेला गेला, त्याच्या पहिल्या जुन्या ऑटोमॅटिक गाडीत क्लचचे पेडलच नव्हते. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिनाचा पंखा तेल फेकतो आणि त्या तेलाने गिअरबॉक्सकडचा पंखा फिरतो. थोडी ताकद वाटेत निसटते, तिची उष्णता होते. ही गळती थांबवायला पॅकार्डने १९४९च्या अल्ट्रामॅटिकमध्ये एक क्लच बसवला. एकसारख्या वेगात तो दोन्ही बाजू थेट जोडतो. १९७३च्या तेलटंचाईनंतर इतरांनाही त्याची किंमत कळली.

या क्लचला फिरवायला स्क्रूच नसतो. ‘अ‍ॅडजस्ट करून देतो’ म्हणणाऱ्याला नेमके काय फिरवणार, हे आधी विचारावे. घरी जुळवता येते ते त्याला हुकूम देणारे सामान, मुख्यतः ब्रेक पेडलजवळचा स्विच. सपाट, मोकळ्या रस्त्यावर ताशी ऐंशीच्या वेगात अ‍ॅक्सिलरेटर स्थिर ठेवून डाव्या पायाने ब्रेकला नुसता स्पर्श करावा. क्लच सुटला की इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा किंचित वर उडतो. काटा हललाच नाही, तर क्लच एकतर लागलाच नव्हता किंवा सुटला नाही. सिग्नलला थांबताना गाडी क्लच न दाबलेल्या मारुतीसारखी बंद पडत असेल, तर तो सुटत नसावा. क्लच चालवणाऱ्या सोलेनॉइडचा कनेक्टर काढून पाहावा: गाडी सुधारली तर दोष वायरिंगकडे किंवा स्विचकडे, नाहीतर बहुधा आतल्या व्हॉल्व्हमध्ये.

हलक्या अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी थरथरत असेल तर आधी तेल पाहावे. कंपनीने सांगितलेल्याच जातीचे नवे तेल भरल्यावर थरथर कधीकधी जाते. अस्तर जळले असेल तर कन्व्हर्टरच बदलावा लागतो, कारण त्याचे दोन अर्धे वेल्ड केलेले असतात आणि घरच्या पान्याने ते उघडत नाहीत.