थांबा

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा सपोर्ट संपला आणि राजारामपुरीतल्या माझ्या टेबलावर जुन्या लॅपटॉपांची चळत लागली. त्यांच्यावर लिनक्स मिंट चढवायचं काम अर्ध्या तासाचं. माझं डोकं खाल्लंय ते पुढच्या पंचवीस सेकंदांनी. म्हणजे गिऱ्हाईक घरी जाऊन बटण दाबतं तिथपासून लॉगिनची चौकट येईपर्यंत.

वीस वर्षं मी तेवढ्या वेळात काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं पळवली. ग्रब या बूटलोडरच्या ओळीतलं, ती अक्षरं झाकणारं 'क्वाएट स्प्लॅश' पुसून टाकायचो. कुणी विचारलं तर सांगायचो, गाडी कुठं अडली ते कळतं. खरं म्हणजे अक्षरं सरसर वर जायला लागली की गिऱ्हाईक डॉक्टरकडं बघावं तसं माझ्याकडं बघायचं. ते मला आवडायचं.

शिकायला आलेल्या गडहिंग्लजच्या मुलीनं पहिल्याच आठवड्यात विचारलं, "सर, हे वाचतंय कोण?"

म्हटलं, मराठीत आणू. तिथंच फसलो. लिनक्सच्या कन्सोलच्या फाँटमध्ये आकृत्या जास्तीत जास्त ५१२. आपली जोडाक्षरं त्यात कशीबशी कोंबली, तरी वेलांटी आहेच. 'कि' साठवताना आधी क आणि मग वेलांटी. दाखवताना मात्र वेलांटी क-च्या आधी हवी. कन्सोल आल्या क्रमानंच मांडतो. महिनाभर रात्री जागलो, पण वेलांटी काही क ओलांडून अलीकडं येईना. शेवटी अक्षरांचं चित्रच केलं आणि मशीन चालू होताना चित्र दाखवणाऱ्या प्लिमथच्या थीममध्ये बसवलं. एकच ठसठशीत शब्द: 'थांबा'.

ते पहिलं मशीन एका निवृत्त एसटी कंडक्टर काकांकडं गेलं. चौथ्या दिवशी परत. "चालू होता होताच बंद पडतंय." दाखवा म्हटलं. 'थांबा' उमटलं आणि काकांनी बटण दाबून धरलं. "थांबा आला की सिंगल बेल मारायची न्हवं?"

डिस्कवरच्या एक्स्ट४ फाइल सिस्टिमच्या जर्नलनं फायली वाचवल्या. माझी झोप गेली.

'प्रतीक्षा करा' म्हणजे मिरज जंक्शनवर बसवल्यागत. 'कृपया' लावलं की बँकेची खिडकी. 'सुरू होत आहे' ठीक, पण काहीच हललं नाही की माणूस चुळबुळतो. आमच्या गल्लीत एक पठ्ठ्या तीनशे रुपयांत चोरीचं विंडोज टाकून देतो आणि मला विचारतो, एका शब्दापायी किती दिवस घालवलास? उबंटूच्या फुकट सीड्या टपालानं यायच्या तेव्हा, २०११पर्यंत, पोस्टमनची वाट बघण्यातही मजा होती. ते याला काय कळणार!

मुलगी म्हणाली, "'जरा दम धरा' लिहा की."

मला ते गावंढळ वाटलं. संगणकाच्या मराठी शब्दांवर चार ठिकाणी बोलून आलेला माणूस मी. पडद्यावर असलं काही कसं लिहू? पंधरा दिवस अडवून धरलं. मग तिनंच, मला न विचारता, चित्र बदललं.

काकांचं मशीन त्यानंतर दुकानात आलेलं नाही. माझ्या स्वतःच्या मशीनवर मात्र अजून अक्षरंच पळतात.