पुनर्मुद्रण की सुधारित आवृत्ती?



जून महिन्यात नवीन पाठ्यपुस्तकं हातात आली की आपण एक गोष्ट सवयीनेच करतो. मुखपृष्ठ उलटून आतलं पान बघतो. तिथे 'पुनर्मुद्रण' असं छापलेलं असेल तर गेल्या वर्षीच्या टिपणवहीवर काम भागतं. 'सुधारित आवृत्ती' असेल तर मात्र बसून बघावं लागतं, कुठला पाठ गेला आणि कुठला आला. मोठ्या भावाचं पुस्तक धाकट्याला चालेल का, हेही आपण पालकांना त्याच पानावरून सांगतो.

गाड्यांना असं पान नसतं. कंपनी दरवर्षी काहीतरी छोटा बदल करते आणि नाव देते 'नवीन'. मग ज्याने गेल्या वर्षी गाडी घेतली त्याची पंचाईत होते. आपली गाडी जुनी झाली म्हणजे नेमकं काय झालं, हे त्याला कोणी सांगत नाही. हायब्रिड गाडी घेणाऱ्यांच्या बाबतीत तर हे मला जास्तच जाणवलं, म्हणून हा लेख.

हायब्रिड म्हणजे पेट्रोलचं इंजिन आणि विजेची मोटर एकाच गाडीत. ब्रेक दाबल्यावर जी ऊर्जा एरवी उष्णता होऊन वाया जाते, तिचा काही भाग मोटर विजेत बदलते आणि तो बॅटरीत साठतो. गर्दीत, हळू चालताना गाडी या विजेवर चालते. घरी चार्जिंगला लावावी लागत नाही. २०२२ साली आपल्याकडे होंडा सिटी, टोयोटा हायरायडर, मारुती ग्रँड विटारा या गाड्या हायब्रिड रूपात आल्या आणि मध्यमवर्गीय घरांत हा शब्द रुळला.

आमच्या शाळेतल्या गणिताच्या सरांनीही हायब्रिड गाडी घेतली. कोणत्या कंपनीची, ते इथे महत्त्वाचं नाही. सरांनी आधी वहीत हिशेब मांडला होता. वर्षाला १५,००० किलोमीटर प्रवास. साधी गाडी लिटरला १५ किलोमीटर जाईल, हायब्रिड २४ जाईल असं धरलं. म्हणजे १,००० लिटरऐवजी ६२५ लिटर पेट्रोल. ३७५ लिटर वाचले, लिटरला १०५ रुपये धरले तर वर्षाला सुमारे ३९ हजार रुपये. सुरुवातीला जे जास्तीचे पैसे मोजले ते सात वर्षांत वसूल. हायब्रिड घेणारा माणूस बहुधा असाच असतो. तो हौसेपेक्षा हिशेबाने गाडी घेतो आणि बरीच वर्षं वापरायची म्हणून घेतो.

वर्ष झालं नाही तोच त्याच गाडीचं नवीन वर्षाचं मॉडेल आलं. मागच्या दारांना ऊन अडवणारे पडदे, मोबाइलसाठी नव्या प्रकारची चार्जिंगची जागा, पुढच्या सीटमधून थंड हवा, एक नवा रंग आणि सर्व प्रकारांत सहा एअरबॅग. सरांच्या गाडीत दोनच एअरबॅग होत्या.

स्टाफरूममध्ये दोन दिवस हाच विषय. "मला फसवलं," असं सर म्हणत होते. विज्ञानाच्या मॅडम म्हणाल्या, "अहो सर, गाडी तीच आहे ना? काल चालत होती तशीच आज चालतेय." आमचे एक पालक आहेत, ते दोन वर्षांपासून हायब्रिड घ्यायची म्हणतात. त्यांना तर आनंदच झाला. "बघा, थांबलो ते बरं केलं. आता आणखी एक वर्ष थांबतो, पुढच्या वर्षी अजून काहीतरी येईल." ते अजून मोटरसायकलवरच आहेत. आणखी एकांनी डिसेंबरात सूट मिळाली म्हणून गाडी घेतली होती. कागदपत्रांवर उत्पादनाचं साल मागचं लागलं, ते विकताना भाव कमी येईल याच काळजीत आहेत.

ही सगळी शहाणी माणसं आहेत. मग एवढ्याशा बदलाने इतकं का वाटतं? याचं एक उत्तर इतिहासात सापडतं. हेन्री फोर्ड यांची 'मॉडेल टी' ही गाडी १९०८ ते १९२७ इतकी वर्षं बनत होती आणि दीड कोटींहून अधिक बनल्या. मधली काही वर्षं तर ती फक्त काळ्या रंगात मिळायची. जनरल मोटर्सचे आल्फ्रेड स्लोन यांनी १९२० च्या दशकात वेगळी वाट धरली. गाडीच्या रूपात दरवर्षी थोडा बदल करायचा. जुन्या गाडीबद्दल गिऱ्हाइकाच्या मनात थोडं असमाधान तयार व्हावं, हा हेतू त्यांनी पुढे आपल्या पुस्तकातही लपवला नाही. म्हणजे सरांना जी रुखरुख लागली, ती कोणीतरी शंभर वर्षांपूर्वीच विचार करून ठेवली होती!

पण एवढ्यावर थांबलो तर ते अर्धसत्य होईल. दरवर्षीचे छोटे बदल म्हणजे नुसती रंगरंगोटी नसते. टोयोटाची प्रियस ही मोठ्या प्रमाणावर बनलेली पहिली हायब्रिड गाडी. डिसेंबर १९९७ मध्ये ती जपानमध्ये विक्रीला आली. तिथल्या त्या वेळच्या सरकारी चाचणीत ती लिटरला २८ किलोमीटर जायची. २००० साली तीच गाडी थोडे बदल करून आली, तेव्हा आकडा झाला २९. फक्त एक किलोमीटर! १९९८ साली घेणाऱ्याने त्यासाठी हळहळावं का? मुळीच नाही. पण २००३ च्या दुसऱ्या पिढीत तोच आकडा ३५.५ झाला आणि २००९ च्या तिसऱ्या पिढीत ३८. तंत्रज्ञान असं पायरीपायरीने चढतं, आणि कोणीतरी खालच्या पायरीवर गाडी घेतो म्हणूनच वरची पायरी बांधली जाते.

जपानी लोकांनी या बदलांना वेगवेगळी नावंही दिली आहेत. गाडी पूर्ण बदलली तर 'फुल मॉडेल चेंज', मधल्या काळात बरेच बदल झाले तर 'मायनर चेंज' आणि अगदी थोड्या बदलांना 'इचिबु काइर्यो', म्हणजे अंशतः सुधारणा. आपल्या पाठ्यपुस्तकाच्या आतल्या पानासारखंच झालं की हे.

मी सरांना म्हटलं, आपण तुमच्या गाडीचं हे पान तयार करू. नवीन यादीतल्या प्रत्येक गोष्टीपुढे तीनपैकी एक शब्द लिहायचा: दिसणं, सोय, सुरक्षितता. रंग म्हणजे दिसणं. पडदे, चार्जिंग, थंड सीट ही सोय. पडदे बाजारात वेगळेही मिळतात. मायलेजचा आकडा तोच, इंजिन आणि बॅटरीही तीच. म्हणजे सरांच्या वहीतल्या हिशेबात एकही अंक बदलत नव्हता. सर थोडे हसले.

मग एअरबॅग आली. पुढ्यात 'सुरक्षितता' असं लिहिलं आणि दोघंही गप्प झालो. सहा एअरबॅगमध्ये दोन समोर असतात, दोन पुढच्या सीटच्या बाजूला आणि दोन खिडक्यांवरून पडद्यासारख्या उघडणाऱ्या. या शेवटच्या दोन मागच्या सीटवरच्या माणसाच्या डोक्यालाही आधार देतात. सर म्हणाले, "मागे माझी आई आणि मुलगी बसते." इथे "गाडी तीच आहे ना" हे उत्तर पुरत नाही. ही खरोखरच सुधारित आवृत्ती होती, आणि सरांचा राग हेव्यातून आलेला नव्हता.

अशा एअरबॅग नंतर घरी बसवून घेता येत नाहीत. पण गाडीत एअरबॅगजवळ 'एसआरएस' ही अक्षरं असतात. त्याचा अर्थ पूरक सुरक्षा व्यवस्था. पूरक कशाला? तर सीटबेल्टला. मुख्य काम बेल्टचं, एअरबॅग मदतीला. मागच्या सीटवर बेल्ट लावणं कायद्यानेही सक्तीचं आहे, तरी आपल्याकडे तो सीटच्या फटीत ढकललेला असतो. सरांच्या गाडीतही तसाच होता. सरांनी त्याच रविवारी तो बाहेर काढला. आजी सुरुवातीला कुरकुरली, "अगं बाई, बांधून कुठे नेताय मला?" आता नात आधी आजीचा बेल्ट लावते आणि मग स्वतःचा. नव्या गाडीचं दुःख सरांना अजून अधूनमधून होतंच, पण हातात जे होतं ते त्यांनी केलं.

हा उपक्रम सातवी-आठवीच्या वर्गात सहज घेता येईल. मुलांना घरातल्या कोणत्याही वस्तूच्या, मोबाइल, मिक्सर, सायकल, दोन वर्षांच्या जाहिराती आणायला सांगा. बदलांची यादी करू द्या आणि प्रत्येकापुढे वरच्या तीनपैकी एक शब्द लिहायला लावा. चर्चेसाठी दोनच प्रश्न पुरे: यातला कोणता बदल नसल्यामुळे जुन्या वस्तूचं काम अडतं? आणि जिथे खरंच उणीव आहे, तिथे आज आपण काय करू शकतो?

पालकांनीही जेवताना हा खेळ घरी खेळून बघावा. "सगळ्यांकडे नवीन आहे" असं मूल म्हणालं की लगेच रागवू नका किंवा लगेच घेऊनही देऊ नका. त्याच्या हातात कागद-पेन्सिल द्या आणि यादी करायला सांगा. कधी यादी संपेपर्यंत हट्ट मावळतो. कधी मात्र त्या यादीत एखादी 'सुरक्षितता' निघते, आणि मग मुलाचं म्हणणं आपल्यालाच ऐकावं लागतं.