पुढील पान

ज्वर उतरला तरी अशक्तपणा सरला नव्हता, आणि गंगापूर रोडवरील घरात पडल्यापडल्या, मोबाईलवर बोटाने सरकणारी व वेबवर पृष्ठांकांनी उलगडणारी एकच यादी पाहताना, या दोन्ही रूपांमागील सर्व्हरशी होणारा करार एकच असावा ही माझी जुनी निष्ठा अधिकच दृढ होत गेली. आपली वाचण्याची जागा नकळत हरवावी, ही अस्वस्थता आजाऱ्याला फार जाणवते.

पृष्ठांकावर माझा भरवसा नाही. २० नोंदी वाचून मनुष्य थांबतो, तेवढ्यात वर ३ नव्या नोंदी रुजू होतात, आणि दुसरे पान मागताच १८वी, १९वी व २०वी पुन्हा पुढ्यात येतात. उलट वरची एखादी नोंद खारीज झाली, तर पुढची एक न वाचताच निसटते. शेवटी वाचलेल्या नोंदीची खूण, पोथीत मोरपीस ठेवावे तशी, सर्व्हरकडे परत दिली, तर वरच्या फेरफारांनी जागा ढळत नाही. मात्र थेट सतराव्या पानावर जाऊ इच्छिणाऱ्या वेबवाचकाचे समाधान कसे करावे, हा प्रश्न मला अद्याप छळतो.

ही खूण सांभाळत पाने मागवणाऱ्या लायब्ररीत, नोंदी येतील तशा एकेक हाती देण्यासाठी, मोबाईलवर कोटलिनने ‘फ्लो’ द्यावा, वेबवर जावास्क्रिप्टने २०१८ साली मानकात आलेला असिंक इटरेटर द्यावा. प्रत्येक भाषेने आपला स्वभाव जपावा. परंतु जोडणी तुटल्यास त्याच खुणेपासून पुन्हा मागणी करावी, आणि रिकाम्या पानाला यादीचा शेवट मानू नये; पुढील खूण न मिळणे हाच शेवट, एवढे कलम प्रत्येक लायब्ररीत सारखेच असले पाहिजे.