वाशिमला दोन खुर्च्या पुरतील

चि. भाचीस,

जन्मभराच्या प्रेमाचं दोनपात्री नाटक बसवायचंय, पण मोठं सभागृह परवडत नाही म्हणून अडलंय, असं तू लिहिलंस. अगं, अशा नाटकाला मोठं सभागृह सोसतच नाही! बाराव्या रांगेत संवाद पोचतो. उत्तर देण्याआधी नटीने गिळलेला आवंढा पोचत नाही. जुन्या संसारातलं निम्मं बोलणं तर असंच, न बोलता होतं. त्याला काळ्या पडद्यांची खोली, चार दिवे आणि हाकेच्याही अलीकडे बसलेले प्रेक्षक हवेत.

‘तुम्हारी अमृता’ हे असंच नाटक 1992 साली मुंबईच्या पृथ्वी थिएटरमध्ये सुरू झालं. नाटककार गर्नी यांच्या ‘लव्ह लेटर्स’वरून जावेद सिद्दीकींनी लिहिलेलं, फिरोज अब्बास खान यांनी बसवलेलं. शबाना आझमी आणि फारूख शेख बसून पत्रं वाचतात, एवढंच. लहानपणी सुरू झालेला पत्रव्यवहार जन्मभर चालतो. लग्न मात्र होत नाही. वीस वर्षांहून अधिक काळ याच दोघांनी ते केलं. डिसेंबर 2013 मध्ये ताजमहालापाशी प्रयोग झाला आणि त्याच महिन्यात फारूख शेख गेले. तेच शब्द वाचता वाचता नटांचं वय पात्रांच्या वयाला जाऊन भिडलं. रंगभूषेला हे जमत नाही.

जागेचं म्हणशील, तर दादरच्या छबिलदास शाळेचं सभागृह आठव. अरविंद आणि सुलभा देशपांडे या नवराबायकोच्या ‘आविष्कार’ या नाट्यसंस्थेने 1974 पासून तिथे प्रायोगिक नाटकाला घर दिलं. सुलभाताई त्याच शाळेत शिकवत असत.

आणि अशा प्रेमकथेवर वाशिमचा हक्क तर फार जुना. हजारेक वर्षांपूर्वी कवी राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष आणि साहित्यविद्येची गोष्ट सांगितली. साहित्यविद्या काव्यपुरुषाच्या मागोमाग देशोदेशी जाते, वेश आणि नृत्य बदलत राहते; तो हळूहळू विरघळतो. त्यांचं लग्न लागतं ते विदर्भातल्या वत्सगुल्मात, म्हणजे आपल्या वाशिमला! हा राजशेखर आपल्या ग्रंथात पत्नी अवंतिसुंदरीची मतं तिच्या नावानिशी देतो. त्याची ‘कर्पूरमंजरी’ रंगमंचावर आली तीही तिच्याच इच्छेवरून.

तेव्हा शाळेची एक खोली माग. खिडक्यांना काळं कापड लाव, तीस खुर्च्या मांड. गावातल्या एखाद्या जुन्या जोडप्याला तालमीला बसव आणि त्यांना जे वाक्य खोटं वाटेल ते बिनदिक्कत काढून टाक. प्रयोगाची तारीख ठरली की लगेच कळव.

तुझा,
मामा