विहिरीसकट

रविवार, दुपार

प्रिय बायो,



परवा रात्री तुझा फोन आला तेव्हा मी भांडी विसळत होते. ओल्या हातानं फोन कानाला लावून ओट्यापाशी तशीच उभी राहिले. हक्कसोडपत्राचा मसुदा तयार आहे, नाताळच्या आधी सही उरकून टाकू असं दादा म्हणतो, तुझी आई काहीच बोलत नाही, हे सगळं तू सांगितलंस. आणि शेवटी म्हणालीस, "आत्या, ख्रिस्ती मुलीनं जमिनीवरून भावाशी वाद घालावा का? शास्त्रात तर बायकांनी सोसलेलंच दिसतं."

त्याचं उत्तर फोनवर घाईघाईनं द्यावंसं वाटलं नाही. दोन दिवस पवित्र शास्त्र घेऊन बसले. आज उपासनेहून आले, जेवण झालं, आणि लिहायला घेतलं.

सोसणाऱ्या बायका शास्त्रात आहेत, हे खरंच. पण मागणाऱ्याही आहेत. महिला रविवार आला की आपण एस्तेर, रूथ, दबोरा यांच्यावर संदेश ऐकतो, आणि ते ऐकायलाच हवेत. मात्र बापाच्या जमिनीत वाटा मागायला गेलेल्या लेकींवर मी इतक्या वर्षांत एकही संदेश ऐकलेला नाही. मला त्या कळल्या माझ्या आजीकडून, म्हणजे तुझ्या पणजीकडून.

पणजी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये वाढली, हे तुला माहीत आहे. पंडिता रमाबाईंनी मूळ इब्री आणि ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर केलं, आणि ते तिथल्याच मुलींनी खिळे जुळवून छापलं. रमाबाई ५ एप्रिल १९२२ ला गेल्या. सबंध ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर आला. पणजी त्या छापखान्यात होती. म्हातारपणी तिला डोळ्यांनी नीट दिसत नव्हतं, पण पाच नावं ती बोटं मोजत म्हणायची: महला, नोआ, होग्ला, मिल्का, तिरसा. खिळे जुळवताना ती नावं बोटांतून गेली म्हणून लक्षात राहिली, असं सांगायची. लहानपणी मला ते बडबडगीतच वाटायचं.

या पाचजणी मनश्शेच्या वंशातल्या सलाफहादाच्या मुली. गणनेच्या पुस्तकाचा सव्विसावा अध्याय काढ. यार्देनच्या काठी, यरीहोसमोर, मवाबाच्या मैदानात इस्राएल लोकांची शिरगणती चालली आहे. वीस वर्षांचे आणि त्यावरचे पुरुष मोजले, ते भरले ६,०१,७३०. याच यादीवरून पुढे जमीन वाटली जाणार होती. ज्याचं नाव यादीत, त्याच्या घराला जमीन. सलाफहाद रानातच मेला होता आणि त्याला मुलगा नव्हता. म्हणजे त्याच्या घराला काहीच नाही.

सत्ताविसाव्या अध्यायात या पाच बहिणी दर्शनमंडपाच्या दाराशी येऊन उभ्या राहतात. समोर मोशे, एलाजार याजक, सगळे सरदार आणि सबंध मंडळी. बायो, तो देखावा क्षणभर डोळ्यांसमोर आण. आपल्या गावच्या ग्रामसभेत उठून बोलायला आजही बाईचे पाय थरथरतात. त्या काय बोलल्या तेही बघ. रडल्या नाहीत, दया मागितली नाही. आमचा बाप कोरहाच्या बंडात नव्हता, तो आपल्याच पापानं मेला, असं त्यांनी आधी स्वच्छ सांगितलं. बापाला संत करून मांडलं नाही. मग विचारलं की त्याला मुलगा नव्हता म्हणून त्याचं नाव कुळातून का पुसलं जावं? त्याच्या भावांबरोबर आम्हालाही वतन द्या.

मोशेनं त्यांना गप्प केलं नाही. त्याच्याजवळ उत्तर नव्हतं, म्हणून त्यानं प्रश्न परमेश्वरापुढे नेला. आणि परमेश्वरानं सांगितलं की या मुलींचं म्हणणं बरोबर आहे. त्यावरून सगळ्यांसाठीच नियम ठरला. पाच बहिणींनी तोंड उघडलं म्हणून कायद्यात भर पडली, असं शास्त्रच सांगतं. मग भावाशी बोललीस तर देवाचा कोप होईल अशी भीती तू कशाला बाळगतेस?

तुझ्यापासून मला काही लपवायचं नाही, म्हणून पुढचंही सांगते. छत्तिसाव्या अध्यायात त्यांच्या कुळातले वडीलधारे पुढे आले. या मुली दुसऱ्या वंशात लग्न करून गेल्या तर आपली जमीन बाहेर जाईल, ही त्यांची तक्रार. त्यावर अट पडली की या मुलींनी आपल्याच वंशात लग्न करावं. त्यांनी चुलतभावांशी लग्नं केली. हक्क मिळाला, पण मोकळा मिळाला नाही. त्यापुढची गोष्ट यहोशवाच्या सतराव्या अध्यायात आहे. मोशे गेला, वाटपाचा दिवस आला, आणि या बहिणींना पुन्हा एलाजार आणि यहोशवापुढे उभं राहून, देवानं मोशेला आज्ञा दिली होती, अशी आठवण करून द्यावी लागली. तेव्हा कुठे जमीन हाती आली. आदेश निघणं आणि सातबाऱ्यावर नाव चढणं यांत किती अंतर असतं, हे तलाठ्याकडे खेटे घातलेल्या कुठल्याही बाईला विचार.

आपल्याच काळातलं उदाहरण मेरी रॉय यांचं. त्या केरळातल्या कोट्टयमच्या, शाळा चालवणाऱ्या. त्रावणकोरच्या १९१६ च्या वारसा कायद्यात ख्रिस्ती मुलीला मुलाच्या वाट्याचा चौथा हिस्सा किंवा पाच हजार रुपये, यांतलं जे कमी असेल ते मिळायचं. त्या सख्ख्या भावाविरुद्ध न्यायालयात गेल्या. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की तिथेही १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदाच लागू आहे. त्यानंतरही स्वतःचा वाटा प्रत्यक्ष हातात यायला त्यांना कितीतरी वर्षं लागली. त्या निकालानं हजारो मुलींना वाट मोकळी झाली. आपल्याकडे तोच १९२५ चा कायदा लागू आहे. मृत्युपत्र नसेल तर विधवेला एक तृतीयांश, आणि उरलेलं मुलांना सारखं, मुलगा-मुलगी भेद नाही. आपलं रान साडेचार एकर. म्हणजे तुझ्या आईचे दीड एकर, दादाचे दीड एकर, तुझे दीड एकर. हे तू मागतेस म्हणून होणार नाही. तुझे वडील गेले त्या दिवशीच ते झालं आहे. आता फक्त तू ते सोडून द्यावंस अशी विनंती तुला केली जाते आहे.

तू म्हणशील, त्या पाचजणींना भाऊ नव्हताच, मला आहे. म्हणून ईयोबाच्या पुस्तकाचा शेवटचा अध्याय वाच. सगळं गमावून पुन्हा मिळाल्यावर ईयोबाला सात मुलगे आणि तीन मुली झाल्या. मुलग्यांची नावं तिथे दिलेलीच नाहीत. मुलींची दिली आहेत: यमीमा, कसीया, केरन-हप्पूक. आणि त्यांच्या बापानं त्यांना भावांबरोबर वतन दिलं, असं स्पष्ट लिहिलं आहे. इतकं दुःख पाहिलेल्या माणसाला लेकींना वगळावंसं वाटलं नाही, याचा मी पुष्कळदा विचार करते.

आता ओढ्यापलीकडचा तुकडा. दादा म्हणतो, अगदीच हवं असेल तर तो वीस गुंठ्यांचा मुरमाड घे, विहिरीकडचं सोड. यासाठी मला तुला अखसाची गोष्ट सांगायची आहे. कालेबाची ही मुलगी. तिचं लग्न अथनिएलशी झालं आणि बापानं तिला दक्षिणेकडची, नेगेबातली जमीन दिली. नेगेब म्हणजे उन्हानं करपलेला मुलूख. अखसा गाढवावर बसून बापाकडे आली आणि खाली उतरली. बापानं ओळखलं, पोरीच्या मनात काहीतरी आहे. त्यानं विचारलं, तुला काय पाहिजे? ती म्हणाली, तुम्ही मला कोरडी जमीन दिलीत, आता पाण्याचे झरेही द्या. कालेबानं वरचे झरे आणि खालचे झरे, दोन्ही दिले. यहोशवाच्या पंधराव्या अध्यायात ही गोष्ट आहे आणि शास्त्यांच्या पहिल्या अध्यायात पुन्हा आली आहे. तिला कोणी हावरी म्हटल्याचं दोन्हीकडे नाही.

पाण्यावाचून जमिनीला काय किंमत असते, हे आपल्या नगरकडच्या माणसाला समजावून सांगायला नको. आपली विहीर माझ्या आजोबांनी खणली. चौथ्या पुरुषावर काळा खडक लागला तेव्हा सुरुंगाच्या आवाजानं आजी दचकून उठायची. काढलेला गाळ वर ओढायला ती स्वतः होती, माझी आई होती. त्या विहिरीच्या कडेला बायकांचा घाम पडलेला आहे, बायो. वाटा घ्यायचा तर विहिरीसकट.

मंडळीतल्या वडीलधाऱ्यांनी तुला लूकचा बारावा अध्याय दाखवला असं तू म्हणालीस. एकजण येशूला म्हणतो, माझ्या भावाला वतन वाटून द्यायला सांगा, आणि प्रभू नकार देतो, लोभापासून जपा असं सांगतो. वचन खरंच आहे. ते मी स्वतःलाही लावते. पण त्याच्यापुढचा दाखलाही वाचावा. ज्याच्या शेतात भरपूर पिकलं आणि जो मोठी कोठारं बांधून सगळं स्वतःसाठीच साठवायला निघाला, त्या माणसाचा तो दाखला आहे. लोभाचा इशारा मागणाऱ्याला आहे तसा धरून ठेवणाऱ्यालाही आहे. आणि त्याच लूकमध्ये, अठराव्या अध्यायात, प्रभूनं एका विधवेचा दाखला दिला. ती अन्यायी न्यायाधीशाकडे न्याय मागायला पुन्हा पुन्हा जात राहिली. न थकता प्रार्थना कशी करावी हे शिकवायला त्याला हीच बाई आठवली.

आता माझं सांगते. हे तुझ्या वडिलांनाही मी कधी बोलले नव्हते.

माझे वडील गेल्यावर दुसऱ्या वर्षी मी सही केली. तालुक्याच्या गावी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात खूप गर्दी होती. लाकडी बाकावर बसून मी नंबराची वाट पाहत होते. कागद चार पानांचा होता. मी वाचायला लागले तर कोणीतरी म्हणालं, वाचायचं काय त्यात, घरचंच आहे. मागे लोक थांबले होते. मी भराभर सह्या केल्या. अंगठ्याला लागलेली शाई पुसायला भावानंच रुमाल दिला. मग आम्ही रसवंतीवर उसाचा रस प्यायलो आणि त्यानं मला हिरवी साडी घेतली. तो वाईट माणूस नव्हता. त्याचा माझ्यावर जीव होता. माहेर तुटू नये एवढंच माझ्या मनात होतं, आणि माहेर तुटलं नाही, हेही खरं.

पण पुढे तुझे काका आजारी पडले, ऑपरेशन ठरलं, तेव्हा मला भावाकडे पैसे मागायला जावं लागलं. त्यानं दिले, लगेच दिले. मी मात्र पडवीत मान खाली घालून बसले होते. समोर विहिरीची मोटर चालू होती, पाटाचं पाणी उसाला चाललं होतं. त्यातलं थोडं माझंही होतं, आणि मी उसनं मागत होते. तेव्हा मला पणजीची पाच नावं आठवली.

मी दिलं त्याला सगळ्यांनी त्याग म्हटलं. आज मला तसं म्हणवत नाही. माझ्या हातात कधी आलंच नव्हतं, ते मी सोडलं कसं म्हणू? नाही म्हणायची मोकळीक असती आणि तरी मी दिलं असतं, तर तो त्याग झाला असता. म्हणून तुला सांगते, आधी वारसनोंद होऊ दे. फेरफारात आईचं, दादाचं, तुझं, तिघांची नावं लागू देत. मग तुला वाटलं तर तुझ्या दीड एकरातलं काही दादाला प्रेमानं दे, मुलांच्या शिक्षणाला दे, हवं तर सगळंच दे. तो तुझा आनंद असेल. मी अडवणार नाही.

आणखी एक. १९१० साली शोमरोनच्या उत्खननात मातीच्या भांड्यांचे तुकडे सापडले, त्यांवर शाईनं तेल आणि द्राक्षारसाच्या नोंदी केलेल्या. ख्रिस्तापूर्वी आठव्या शतकातल्या या नोंदींत गावा-परगण्यांची नावं आहेत, आणि त्यांत नोआ आहे, होग्ला आहे. तिरसा तर इस्राएलच्या राजांची काही काळ राजधानीच होती. बापाचं नाव पुसू नये म्हणून लेकी उठल्या होत्या, आणि त्या मुलखात नावं राहिली ती लेकींची. मंडळीच्या ग्रंथालयातल्या पुस्तकात हे वाचलं तेव्हा पणजी हवी होती, असं फार वाटलं.

दादाशी फोनवर बोलू नकोस, आणि वकिलाची नोटीस तर मुळीच पाठवू नकोस. घरी जा. आईला शेजारी बसव, कारण तिचाही वाटा त्यात आहे आणि तिलाही कोणी विचारलेलं नाही. आवाज चढवू नकोस, रडूही नकोस. दादाच्या कर्जाचं ऐकून घे, तो एकटा राबला आहे हे तोंडानं कबूल कर, कारण ते खरं आहे. मग तुझं म्हणणं सांग. त्या पाचजणी एकत्र गेल्या होत्या, तुला बहीण नाही, म्हणून मी येते. पुढच्या शनिवारी सकाळच्या एस.टी.नं निघते, अकरापर्यंत फाट्यावर पोचेन. तू गाडी घेऊन ये. आपण आधी विहिरीवर जाऊ, मग घरी.

तिथे तू उतर आणि बोल. या वेळी मी कागद पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणार आहे, मागे कितीही लोक थांबलेले असोत.

आईला सलाम सांग. दादाच्या मुलांना पापा.

तुझी,
आत्या