माझ्या मशीनवर तर चालतं!

तर मंडळी, आधीच सांगून टाकते. मी कॉन्व्हेंटची, त्यामुळे माझं मराठी जरा बेताचंच आहे. चुका दिसल्या तर पोटात घाला. तसाही आजचा विषय चूक हाच आहे. माझी चूक!

गेल्या सेमिस्टरला सरांनी मला एक काम दिलं. सेकंड इयरच्या सी प्रॅक्टिकलच्या फाइल्स कोणी वेळेवर दिल्या, कोणी उशिरा, याची यादी करणारी शेल स्क्रिप्ट लिहायची. उशीर झाला की मार्क कट. पण ज्यांना सरांनी सूट दिली आहे, त्यांचे कापायचे नाहीत. रात्री दोनपर्यंत जागून, मॅगीच्या जोरावर मी ती लिहिली. माझ्या लॅपटॉपवर फेडोरा आहे, तिथे झक्कास चालली. दुसऱ्या दिवशी लॅबच्या उबुंटूवर यादी काढली. वर कुठेतरी '-ई' असं काहीतरी उमटलं होतं, ते हाताने खोडलं आणि यादी नोटीस बोर्डावर लावली. कॉलर एकदम टाइट!

संध्याकाळी सेकंड इयरची एक मुलगी रूमवर आली. परभणीकडची. "ताई, पप्पांचं ऑपरेशन होतं म्हणून सरांनी मला सूट दिली होती. तरी मार्क कापलेत."

मी खुर्चीवरून न उठताच म्हटलं, "स्क्रिप्ट चुकत नाही गं. तूच सरांना नीट सांगितलं नसशील."

"मी काय खोटं बोलायले का?" एवढंच म्हणून ती गेली.

रात्री झोप येईना. उठून यादी पाहिली. सूट मिळालेले सात जण होते आणि सातही जणांचे मार्क कापलेले! एखादा खोटं बोलेल, सातही कसे बोलतील?

सकाळी लॅब उघडल्या उघडल्या जाऊन बसले. स्क्रीन स्वच्छ दिसावी म्हणून मी सगळे एरर मेसेज डेव्ह-नलमध्ये ढकलून दिले होते. ते परत चालू केले, आणि धडाधड ओळी आल्या : 'अनएक्स्पेक्टेड ऑपरेटर'.

भानगड अशी होती. माझ्या स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत '#!/बिन/एसएच' होतं. फेडोरावर एसएच म्हणजे बॅशच. पण उबुंटूने 2006 मध्ये, 6.10 पासून, एसएचच्या जागी डॅश बसवला. तो लहान आणि चपळ, मशीन लवकर सुरू व्हावं म्हणून. डेबियननेही 2011 मध्ये तेच केलं. चौकोनी कंसात दोन शब्दांची तुलना करायला 1992 च्या पॉसिक्स प्रमाणात एकच = आहे. मी सीच्या सवयीने == लिहिलं. बॅश मोठ्या मनाचा, तो चालवून घेतो. डॅश घेत नाही. तो एरर देतो, अट खोटी धरली जाते आणि गाडी 'एल्स'मध्ये शिरते. माझ्या 'एल्स'मध्ये काय होतं? मार्क कापा!

आणि ती खोडलेली '-ई'? 'इको -ई' मधली. बॅश ती खूण समजून घेतो, डॅश जशीच्या तशी छापतो. म्हणजे मशीन मला सांगत होतं, मीच त्याचं तोंड दाबलं होतं.

दुरुस्ती दहा मिनिटांची. == चं =, 'इको -ई' च्या जागी 'प्रिंटएफ'. मग 'चेकबॅशिझम्स' आणि 'शेलचेक' ही दोन्ही टूल्स चालवली. शेलचेकने आणखी एक चूक दाखवली, 'सोर्स'. तिथे नुसता टिंब लागतो. तो भाग अजून वापरात नव्हता म्हणून वाचले. दुसरा मार्ग म्हणजे पहिल्या ओळीत सरळ बॅशचं नाव लिहायचं. काहीही करा, पण दुकानावर पाटी एकाची आणि आत माल दुसऱ्याचा, हे नको.

दहा मिनिटांच्या दुरुस्तीनंतर सरांच्या केबिनबाहेर मात्र अर्धा तास उभी होते. शेवटी आत जाऊन सांगितलं. सर एवढंच म्हणाले, "मला सांगितलंस, तिला सांगितलंस का?"

सांगितलं. मेसमध्ये, तिच्या टेबलाशी जाऊन. तिने थोडं सरकून जागा दिली. म्हणाली, "बसा ताई, भाकरी गार व्हायली."

आता कोणी म्हणालं, "माझ्या मशीनवर तर चालतं", की मी पहिल्यांदा विचारते, "आणि दुसऱ्याच्या?"