काढा, फांट आणि कढण : आरामाचे औषधशास्त्र

घरगुती मसालेदार पेयांवर दिवाळी अंकासाठी लेख मागताना संपादकांना बहुधा ‘प्रतिकारशक्ती वाढवणारे काढे’ अशी एखादी सुटसुटीत यादी अपेक्षित असते, आणि नेमकी तीच देणे औषधशास्त्राच्या अभ्यासकाला जड जाते. कारण या पेयांनी बरे वाटते हे जितके निर्विवाद आहे, तितकेच त्यामागे सांगितले जाणारे कारण बहुतेक वेळा डळमळीत असते. वसई-विरार पट्ट्यात या विषयाची सामग्री अजूनही घराच्या आसपासच सापडते. वाडीच्या कडेला अडुळसा, सांडपाण्याच्या पाटाशी गवती चहाचे बेट, अंगणात तुळस, डब्यात कुळीथ आणि आमसुले, तर ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाजाच्या घरांत उन्हाळ्यात भाजून-कुटून गडद काचेच्या बाटल्यांत ठासून भरलेला बाटली मसाला, अशी ही बेगमी असते. तिचा उपयोग कशासाठी होतो आणि कशासाठी होत नाही, हे वेगळे करून सांगणे एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम आरामाचा विचार करू. ब्रिटनमधील कार्डिफ येथील, २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका लहानशा अभ्यासात सर्दी झालेल्या ३० जणांना एकच फळपेय गरम आणि खोलीच्या तापमानाचे असे देऊन पाहिले, तेव्हा नाकातून वाहणाऱ्या हवेच्या मोजमापात फरक आढळला नाही, परंतु गरम पेयानंतर घशाची खवखव, थंडी वाजणे आणि थकवा कमी झाल्याचे रुग्णांनी सांगितले. म्हणजे बरे वाटणे आणि नाक खरोखर मोकळे होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि पहिली गोष्टही रुग्णाच्या दृष्टीने क्षुल्लक नाही. मिरीतील पायपरीन आणि आल्यातील जिंजेरॉल ही द्रव्ये मज्जातंतूंच्या टोकांवरील ज्या ग्राहीला, म्हणजे संवेदना टिपणाऱ्या प्रथिनाला, चेतवतात तीच ग्राही उष्णतेनेही चेतते. म्हणून तिखट पेय ऊन नसतानाही ऊन भासते, घाम फुटतो आणि नाक वाहू लागते. या ग्राहीचा शोध लावणारे डेव्हिड ज्युलियस २०२१ च्या वैद्यकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी होते.

यापुढचा मुद्दा काहीसा तांत्रिक आहे, तथापि स्वयंपाकघरातील निम्म्या चुका त्यातूनच उद्भवतात. आयुर्वेदाने वनस्पतींचा अर्क काढण्याच्या पाच मूलभूत पद्धती सांगितल्या आहेत : स्वरस, कल्क, क्वाथ, हिम आणि फांट. त्यांपैकी क्वाथ, अर्थात काढा, शार्ङ्गधरसंहितेच्या नियमानुसार एक भाग भरडीत सोळा भाग पाणी घालून ते आठव्या हिश्शापर्यंत आटवून करायचा असतो. फांटात मात्र उकळते पाणी भरडीवर ओतून, थोडा वेळ मुरवून, गाळून घ्यायचे असते. मुळ्या, साली आणि सुंठीसारखी कठीण द्रव्ये आटवल्याखेरीज आपला अंश सोडत नाहीत. याउलट गवती चहातील सिट्रल व तुळशीतील युजेनॉल ही बाष्पनशील तेले, म्हणजे वाफेबरोबर उडून जाणारी द्रव्ये होत. गवती चहाच्या पातीची जुडी पातेल्यात टाकून अर्धा तास खळखळ उकळली की घरभर लिंबासारखा वास सुटतो आणि चहा फक्कड जमला असे मानले जाते. वस्तुतः जो वास घरभर पसरला तो कपात उतरायचा राहिलेला असतो. पातेले उतरवून मग पात घालावी, झाकण ठेवावे, पाच-सात मिनिटांनी गाळावे आणि झाकणाला आतून लागलेले थेंबही कपात निथळू द्यावेत, हा फांटाचा सरळ विधी आहे.

क्वाथाच्या भांड्याचे तोंड उघडे ठेवण्याचा जुना संकेत याविरुद्ध वारंवार पुढे केला जातो, पण तो क्वाथापुरता आहे. तुळस, दालचिनी, सुंठ आणि मिरी एकाच पातेल्यात एकाच वेळी आटवणे हे ना शास्त्राला धरून आहे ना रसायनाला. आधी सुंठ-मिरी उकळावी आणि तुळस शेवटी घालावी. सुंठीत आणखी एक बारकावा आहे : आले वाळताना व तापताना जिंजेरॉलमधील पाण्याचा अंश निघून शोगॉल हे अधिक झणझणीत द्रव्य तयार होते, म्हणून ताज्या आल्याचा चहा आणि सुंठीचा काढा ही एकाच पेयाची दोन रूपे मानता येत नाहीत. हे वर्षानुवर्षे सांगूनही ‘किती वेळ उकळायचे?’ या प्रश्नाआधी ‘काय उकळायचे?’ हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

हळदीच्या दुधाबाबत आकडे अधिक निष्ठुर आहेत. पायपरीनमुळे हळदीतील कर्क्युमिनचे रक्तातील शोषण सुमारे वीस पटींनी वाढते, हे बंगळुरूमधील १९९८ च्या प्रयोगाचे वाक्य सर्वत्र फिरत असते. परंतु त्या प्रयोगात २ ग्रॅम शुद्ध कर्क्युमिन वापरले होते हे सांगितले जात नाही. हळदीत कर्क्युमिन साधारण ३ टक्के धरले, तर तेवढ्यासाठी ६० ते ७० ग्रॅम हळद लागेल. ऊन दूध रात्री घशाला शेक देते, यापलीकडचा दावा चिमूटभर हळदीच्या अंगावर टाकू नये.

या सर्व पेयांत सर्वांत कमी जाहिरात झालेला पदार्थ बहुधा सर्वांत उपयोगी आहे, तो म्हणजे कढण. कुळीथ भिजवून शिजवावेत, वरचे पाणी निथळून घ्यावे, त्याला लसूण-जिरे-हिंगाची फोडणी द्यावी आणि आमसूल व मीठ घालावे, म्हणजे अन्नावरची वासना उडालेल्या माणसाच्या पोटात पाणी, क्षार आणि थोडी प्रथिने एकाच वाटीतून जातात. मसाल्यांतील बरीचशी सुगंधी द्रव्ये पाण्यापेक्षा तेलात सहज विरघळत असल्याने फोडणीचे येथे प्रयोजन चवीपुरते उरत नाही. बाटली मसाल्यात अनेक घरांत मिरची-धण्यांबरोबर भाजलेले गहू आणि हरभरेही कुटलेले असतात. त्यामुळे त्याने केलेल्या रश्श्याला किंवा सुपाला आपोआप दाटपणा येतो. आजाऱ्यासाठी मात्र तो बेतानेच घालावा, कारण घसा सोलवटलेला असताना तिखटाने आराम मिळतोच असे नाही.

करोनाकाळात आयुष मंत्रालयाने तुळस ४ भाग, दालचिनी व सुंठ प्रत्येकी २ भाग आणि मिरी १ भाग असे मिश्रण सुचवले, त्याची मात्रा अवघी ३ ग्रॅम पूड होती. लोकांनी पाककृती उचलली आणि मात्रा सोडून दिली. बाजारात दालचिनी म्हणून मिळणारी जाड साल पुष्कळदा कॅशियाची असते आणि तिच्यातील कूमारिन रोज भरपूर पोटात गेल्यास यकृताला बाधू शकते. ज्येष्ठमध दीर्घकाळ घेतल्यास रक्तदाब वाढतो व पोटॅशियम घटते. गुळवेल घेतलेल्या ६ रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केले, तेव्हा ती वनस्पती खरी गुळवेलच होती का, असा आक्षेप मंत्रालयाने घेतला. तो आक्षेप मान्य केला तरी कुंपणावरची वेल ओळखीवर तोडून उकळणाऱ्यांची चिंता त्याने कमी होत नाही, उलट वाढते. ६५ अंशांपेक्षा अधिक कढत पेये अन्ननलिकेच्या कर्करोगाचे संभाव्य कारण असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये नोंदवले आहे, तेव्हा काढा फुंकून पिण्याजोगा होऊ द्यावा.

वसई-विरारला या विवेचनाचा शेवट पावसाळ्यातच करावा लागतो. जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्याचे रूळ पाण्याखाली गेले होते, आणि तुंबलेल्या पाण्यातून घरी जाणे येथील रहिवाशांना दर पावसाळ्यात थोडेफार चुकत नाही. अशा पाण्यानंतर येणारा ताप लेप्टोस्पायरोसिसचा, मलेरियाचा किंवा डेंग्यूचा असू शकतो आणि त्यांपैकी एकाही तापावर सुंठ किंवा तुळस हा उपचार नाही. काढ्याने घाम आला, अंग हलके झाले आणि म्हणून तपासणी दोन दिवस लांबली, हे या पेयांमुळे होणारे सर्वांत मोठे नुकसान आहे, आणि ते कोणत्याही प्रयोगशाळेत मोजले जात नाही. पायाला जखम असताना तुंबलेल्या पाण्यातून चालावे लागल्यास ७२ तासांच्या आत डॉक्टरांना प्रतिबंधक औषधाविषयी विचारावे, आणि ताप आल्यास रक्त तपासून घ्यावे. अहवाल येईपर्यंत रुग्णाला काय द्यावे, एवढ्या एका प्रश्नाचे उत्तर औषधशास्त्राचा अभ्यासक निःशंकपणे देऊ शकतो : कुळथाचे कढण, कोमट, आणि मागेल तेवढे.